‘संक्रांत कोसळणे’ हे पानिपतावरून आले का? वाक्प्रचार आणि हावभाव यांच्या उगमाविषयी मदत हवी आहे

कृष्णाकाठ (पलूस, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या गावातील वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठा फलक लावायचे ठरले आहे. रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार आणि रोजच्या वावरातले हावभाव कोठून आले, हे त्यावर थोडक्यात लिहायचे आणि शेजारी शाळेतील मुलांकडून चित्रे काढून घ्यायची, अशी कल्पना आहे. मजकूर जमवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तो बराचसा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून जमवला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

माझ्या कागदावरची पहिलीच नोंद अशी होती : १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला आणि तेव्हापासून मोठ्या संकटाला ‘संक्रांत कोसळणे’ म्हणू लागले. वाचनालयात रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला एक वयस्कर गृहस्थ येतात, त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांनी तो कागद वाचला, चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे विचारले, “त्या वर्षी संक्रांत चौदा तारखेलाच होती का रे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तो एक प्रश्न ऐकल्यापासून मला बाकीच्या नोंदींचीही खात्री वाटेनाशी झाली आहे.

यादीत सध्या ‘हरताळ फासणे’, ‘ध चा मा करणे’, ‘विडा उचलणे’, ‘तळी उचलणे’, ‘शड्डू ठोकणे’, ‘नमनाला घडाभर तेल’, ‘गाशा गुंडाळणे’ आणि ‘छत्तीसचा आकडा’ एवढे आहेत. हावभावांपैकी अंगठा दाखवणे आणि बोटे मोडणे हे दोन घेतले आहेत. भिंतीवर लिहिलेले मुले खरे मानतात आणि ते पुढे आयुष्यभर तसेच सांगत राहतात. म्हणून जाणकारांनी यातील काय ठेवावे आणि काय काढावे, ते कारणांसह सांगावे, अशी विनंती आहे.

माहुलीकर (सातारा)

आपल्या तात्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि हा पानिपतचा दाखला शिक्षकांच्या खोलीतही अनेकदा ऐकला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लढाईची तारीख बरोबर आहे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, म्हणजेच १४ जानेवारी १७६१. चूक संक्रांतीच्या तारखेत आहे. मकरसंक्रांत सूर्याच्या राशिप्रवेशावर ठरते आणि आपल्या पंचांगाचे नाक्षत्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. ही वीस मिनिटे साठत जातात आणि साधारण ७२ वर्षांत संक्रांत इंग्रजी तारखेने एक दिवस पुढे सरकते. हे पडताळायला एक सोपा दाखला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही आधी १०२ वर्षे मागे गेलो तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतावर सैन्य उभे राहिले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. आज संक्रांत चौदा-पंधराला येते, म्हणून तेव्हाही ती चौदालाच असणार, असे कोणीतरी गृहीत धरले आणि तेवढ्यावर ही कथा उभी राहिली.

मग ‘संक्रांत कोसळणे’ आले कोठून? त्याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरातील पंचांगात आहे. दरवर्षी पंचांगात संक्रांतीचे वर्णन छापलेले असते. ती देवी या वर्षी कोणत्या वाहनावर बसली आहे, कोणत्या रंगाचे वस्त्र नेसली आहे, हातात कोणते शस्त्र आहे, कोणत्या दिशेकडून आली, कोणत्या दिशेकडे चालली आणि कोणीकडे पाहते आहे, हे सगळे त्यात असते. ज्या वस्तू तिने धारण केल्या त्या महाग होणार आणि ज्या दिशेकडे ती चालली तेथे संकट येणार, असा समज. माझी आजी संक्रांतीच्या आधी भटजींना विचारायची, “यंदा संक्रांत कशावर हाय?” त्या ‘कशावर’मध्येच वाक्प्रचाराचा जन्म आहे. कापसावर संक्रांत, घोड्यांवर संक्रांत, तशी नोकरीवर संक्रांत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याला इतर नोंदी तपासतानाही उपयोगी पडेल. वाक्प्रचार जुना झाला, त्याचा मूळ प्रसंग विसरला गेला, तरी त्यातील विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय सहसा बदलत नाहीत. ती जन्मखुणेसारखी राहतात. संक्रांत नेहमी कोणा-‘वर’ येते, कारण पंचांगात ती कशावर तरी असते. पानिपत मात्र कोणा-‘चे’ होते, जसा कोणाचा तरी पराभव होतो. ‘अमक्याचे पानिपत झाले’ आणि ‘अमक्यावर संक्रांत आली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा म्हणजे दोन्हींचे घराणे वेगळे आहे हे लगेच ध्यानात येईल.

आणि पानिपताने भाषेला काहीच दिले नाही, असे मुळीच नाही. ‘पानिपत होणे’ तर आहेच. ‘विश्वास तर पानिपतावर गेला’ हे वाक्य आजही आपल्याकडे उधारी मागणाऱ्याला ऐकवतात आणि त्यातला विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा तरुण मुलगा विश्वासराव, जो खरोखर त्या रणांगणावर पडला. एका घरातले दुःख सव्वादोनशेहून अधिक वर्षे दुकानाच्या उंबऱ्यावर बोलले जात आहे, हे मला फार विलक्षण वाटते. आपण फलकावर संक्रांतीच्या जागी हे घ्या.

‘हरताळ फासणे’ निःशंक ठेवा. हरताळ हे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज. हस्तलिखित पोथीत अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर त्यावरच दुरुस्त अक्षर लिहीत. जुन्या पोथ्यांच्या पानांवर असे पिवळे ठिपके आजही दिसतात. दिलेल्या वचनावर असा लेप फासला म्हणजे ते वचन पुसले गेले. मुले येथे हमखास विचारतील, की मग गावात दुकाने बंद ठेवतात तो हरताळ कोणता? तो शब्द निराळा आहे. तो गुजरातीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘हाट’ आणि ‘ताळे’, म्हणजे बाजाराला कुलूप, हे दोन शब्द आहेत. येथेही क्रियापद पाहा : एक हरताळ फासतात, दुसरा पाळतात.

‘ध चा मा’ विषयी मला थोडे जास्त ममत्व आहे, कारण त्या प्रकरणाची चौकशी करणारे रामशास्त्री प्रभुणे आमच्या क्षेत्र माहुलीचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. एवढा इतिहास पक्का. आनंदीबाईंनी ‘नारायणरावास धरावे’ या आज्ञेतील ‘ध’ खोडून ‘मा’ केला, ही मात्र आख्यायिका आहे आणि फलकावर ती आख्यायिका म्हणूनच लिहावी. म्हणून ही नोंद काढायचे काही कारण नाही. वाक्प्रचार त्या आख्यायिकेतूनच जन्मला आहे, त्यामुळे त्याच्यापुरता तोच खरा उगम. संक्रांतीच्या बाबतीत अडचण याहून वेगळी होती. तेथे लढाई खरी होती, पण वाक्प्रचाराचा तिच्याशी संबंधच नव्हता.

लाल माती (कऱ्हाड)

गुरुजी, आपण सांगितलेली विभक्तीची खूण मला फार पटली. मी शिकलेला माणूस नाही, पण तालमीत वाढलो आहे. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आमच्या शेजारी. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, त्याची गोष्ट ऐकतच आमच्या दोन पिढ्या लंगोट बांधायला शिकल्या. तेव्हा ‘शड्डू’ची नोंद लिहिण्याचा अधिकार मला द्यावा.

शड्डू ठोकणे म्हणजे पंजाचा खोलगट भाग मांडीवर किंवा दंडावर असा मारणे, की दूरवर आवाज जावा. हा आवाज निव्वळ रुबाबासाठी नसतो. यात्रेच्या मैदानात पूर्वी सगळ्या कुस्त्या आधी ठरलेल्या नसत. पैलवान मैदानात फेरी मारी, शड्डू ठोकी आणि त्याच्या तोडीचा कोणी गर्दीत असेल तर तो उठून पुढे येई. मग पंच मंडळी दोघांना शेजारी उभे करून अंगकाठी पाहत आणि जोड पसंत असेल तरच कुस्ती लागे. म्हणजे शड्डू हा प्रश्न आहे, ‘आहे का कोणी?’ असा. निवडणुकीत एखाद्याने शड्डू ठोकला असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा त्याचा अर्थ अजूनही तंतोतंत तोच असतो. ‘दंड थोपटणे’ हे त्याचेच भावंड.

आमच्या मातीतले आणखी दोन-तीन शब्द सांगतो, जे लोक कुस्तीचे आहेत हे विसरूनच वापरतात. ‘अस्मान दाखवणे’ हा प्रकार अक्षरशः खरा आहे. पाठ टेकलेल्या पैलवानाला वर आकाशच दिसते, दुसरे काही दिसत नाही. ‘चीतपट’मधला ‘चीत’ म्हणजे उताणा. ‘धोबीपछाड’ हा तर डावच आहे. समोरच्याला खांद्यावरून, धोबी कपडा दगडावर आपटतो तसा, पुढे आपटायचे. हाताला हात लावून एकमेकांचा अंदाज घेण्याला आम्ही ‘खडाखडी’ म्हणतो आणि ती पाहूनच जाणता प्रेक्षक कुस्ती कोणीकडे झुकणार ते ओळखतो.

एक हावभावही आपल्या यादीत घ्यावा असे वाटते. कुस्ती लागण्यापूर्वी दोघे पैलवान वाकून मूठभर माती उचलतात, कपाळाला लावतात आणि थोडी एकमेकांच्या हातावर, अंगावर टाकतात. नवखा माणूस त्यात केवळ भक्तिभाव पाहतो आणि तो असतोही. पण त्यात सोयदेखील आहे. घामाने अंग निसटते आणि मातीने पकड बसते. प्रतिस्पर्ध्याला माती देणे म्हणजे ‘मला धरायला तुला अडचण नको’ असे सांगणे आहे. मला स्वतःला सगळ्या हावभावांत हा सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो.

‘तालीम’ या शब्दाचे मूळ मात्र कोणीतरी जाणकाराने सांगावे. आमच्या तालमीत नाटकवाल्यांचीही तालीम चालते का, असे एकदा शाळेतल्या एका मुलीने मला विचारले होते आणि मी निरुत्तर झालो होतो.

मखमली पडदा (सांगली)

दादा, त्या मुलीला सांगा, की दोन्ही तालमी एकच आहेत. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द आणि त्याचा अर्थ शिकवण, शिक्षण. महाराष्ट्रात त्या शब्दाने दोन घरे केली. जेथे अंग शिकते ते एक आणि जेथे नाटक शिकले जाते ते दुसरे. आपल्याकडचा ‘वस्ताद’ हाही फारसीतल्या उस्तादाचेच मराठी रूप आणि गाणे शिकवणारा तो उस्ताद व कुस्ती शिकवणारा तो वस्ताद, अशी आपण वाटणी करून टाकली. सांगलीत या दोन्ही तालमी अंगाला अंग लावून नांदल्या आहेत, म्हणून मला हा शब्द फार जवळचा वाटतो.

मी पंचवीस वर्षे हौशी रंगभूमीवर काम करते, त्यामुळे ‘नमनाला घडाभर तेल’ या नोंदीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या काळी रात्रीच्या खेळाला उजेड तो सगळा तेलाचा, म्हणजे समया, दिवट्या आणि मशाली यांचा. भावे यांच्या खेळात प्रारंभी सूत्रधार मंगलाचरण गाई, मग गणपती प्रवेश करी, मग मोरावर बसलेली सरस्वती येई, मध्ये विदूषकाचे बोलणे होई आणि एवढे झाल्यावर मूळ कथेला हात घातला जाई. तेल मोजून आणलेले असे. आरंभाच्या देवस्तुतीतच घडाभर तेल जळाले, तर पहाटेच्या प्रवेशाला अंधारच. फलक सांगली जिल्ह्यात लागणार आहे म्हणून हा वाक्प्रचार सांगलीत जन्मला असे मात्र लिहू नका. देवाच्या नमनाने सुरू होणारे रात्रीचे खेळ, म्हणजे लळिते, गोंधळ आणि तमाशे, आपल्याकडे १८४३ च्या पुष्कळ आधीपासून होते आणि तेल त्यांनाही लागत होते.

आता ‘विडा उचलणे’. दरबारात तबकात विडा ठेवला जाई, कामगिरी बोलून दाखवली जाई आणि जो ती पत्करील त्याने सर्वांसमोर पुढे येऊन विडा उचलायचा. येथे शब्दापेक्षा कृतीला वजन होते. तोंडाने ‘हो’ म्हटलेले उद्या नाकारता येते, पण भर दरबारात उचललेला विडा परत तबकात ठेवता येत नाही. विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलल्याचे पोवाड्यांतून आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा शेवट १० नोव्हेंबर १६५९ रोजी सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला.

विड्याच्या शेजारीच ‘सुपारी’ घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. आज ‘सुपारी देणे’ म्हटले की मुलांच्या मनात खुनाची सुपारी येते, कारण बातम्यांत तेवढीच असते. पण लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ म्हणतात. गावाच्या जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला जातात, तेव्हा फडमालकाला जी रक्कम आगाऊ देतात तीही सुपारीच. आमच्या नाटकाला बाहेरगावची मागणी आली की आम्ही आजही ‘कऱ्हाडची सुपारी आली’ असेच बोलतो. या सगळ्यांत सुपारीचा अर्थ एकच आहे. बोलणे पक्के झाले, आता मागे फिरायचे नाही. गुन्हेगारांनी हा शब्द कराराच्या जगातून उचलला. मंगल शब्दाची अशी परवड व्हावी याचे मला वाईट वाटते, म्हणून तरी मुलांना त्याचे मूळ घर दाखवावे.

कृष्णाकाठ (पलूस)

गुरुजी, दादा, ताई, आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. गुरुजींचे उत्तर मी तात्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “विश्वासरावाचं घे.” तेवढेच म्हणाले, पण समाधान पावले.

आता हावभाव राहिले. अंगठ्याविषयी माझ्या कागदावर असे आहे, की रोमन लोक आखाड्यात पडलेल्या योद्ध्याला जीवदान द्यायचे असले तर अंगठा वर आणि मारायचे असले तर खाली करीत आणि मोबाइलवरचा पसंतीचा अंगठा तेथून आला. हे खरे धरावे का? आणि बोटे मोडण्याविषयी माझा गोंधळ असा आहे, की आमची आजी नातवंडांची दृष्ट काढताना बोटे मोडायची आणि भांडण झालेल्या शेजारणीच्या नावानेही बोटेच मोडायची.

सीमेवरची (जत)

दादा, आधी अंगठा. जुव्हेनल या रोमन कवीने प्रेक्षक ‘अंगठा वळवून’ योद्ध्याला मारायला लावत असे लिहिले आहे, पण तो वर वळवीत की खाली, हे त्या शब्दांत नाही. खाली वळलेला अंगठा सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर उभा केला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराने, १८७२ सालच्या एका चित्रातून. तेव्हा रोमन आखाडा फलकावरून काढून टाकावा.

आपल्या मातीतला अंगठा तर मोबाइलच्या नेमका उलट आहे. आमच्या लहानपणी अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, ‘काही मिळणार नाही, जा’ असे सांगणे. माझ्या सासूबाईंना नातीने पहिल्यांदा मोबाइलवर अंगठा पाठवला, तेव्हा त्यांना ते मनाला लागले होते. दोन्ही अर्थ एकाच घरात, एकाच वेळी नांदत आहेत, हे मुलांना चित्रातून छान दाखवता येईल. ‘अंगठेबहाद्दर’ या शब्दातला अंगठा आणखी वेगळा, तो कागदावर उठवायचा. सही न येणाऱ्याकडून ठसा घेण्याच्या पद्धतीला सरकारी शिस्त लागली त्याचा आरंभ बंगालमधला. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला आणि त्यातूनच पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढत गेले. ज्या ठशाला आपण अडाणीपणाची खूण समजून हसत होतो, तोच ठसा आज शिकलेल्या माणसालाही आधारसाठी द्यावा लागतो.

बोटे मोडण्यात मला विसंगती दिसत नाही, कारण त्या दोन कृती एक नाहीत. आजी नातवंडाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडते. त्याला अलाबला घेणे म्हणतात. ‘बला’ हा अरबी शब्द, अर्थ संकट. मुलावरचे संकट ओढून तिने आपल्या डोक्यावर घेतले आणि तेथे मोडले. शेजारणीच्या नावाने मात्र ती बोटे समोर धरून मोडते. आपण आजीचा हात कोठे होता ते आठवून पाहा. चित्र काढणाऱ्या मुलाला हे नीट सांगितले नाही, तर चुकून आशीर्वादाच्या जागी शाप काढला जाईल.

‘तळी उचलणे’ ही आमच्या खंडोबाची. पाच जण मिळून भंडार, खोबरे आणि पानसुपारी असलेले ताम्हण हातांनी उचलतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर करतात. चंपाषष्ठीला हे घरोघर होते आणि पौषात सातारा जिल्ह्यातल्या पालीच्या यात्रेतही तो भंडार आसमंतात दिसतो. देवाची तळी उचलणारा देवाच्या बाजूचा, यावरून कोणाची बाजू घेऊन बोलणे म्हणजे त्याची तळी उचलणे. गुरुजींच्या खुणेप्रमाणे येथे ‘कोणाची’ हा प्रश्न टिकून आहे. आणि ‘येळकोट’ ऐकताना आम्हा जतकरांना शब्द फोडून सांगावा लागत नाही, कारण कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘कोटि’ म्हणजे कोटी. सात कोटींचा जयजयकार असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

जाता जाता एक भर. ‘पाणी सोडणे’ आपल्या यादीत नाही, ते घ्यावे. दान देताना वस्तूवर किंवा घेणाऱ्याच्या हातावर पाण्याची धार सोडतात. जुन्या ताम्रपटांत जमिनी ‘धारापूर्वक’ दिल्याचे लिहितात ती हीच धार. ती सुटली की देणाऱ्याचा हक्क संपला. म्हणून हिश्शावर पाणी सोडले, पैशावर पाणी सोडले. कन्यादानात वडील हे करतात तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे का भरून येतात, ते या वाक्प्रचाराचा अर्थ कळल्यावर मला समजले.

माहुलीकर (सातारा)

जतच्या ताईंनी ‘पाणी सोडणे’ उत्तम उलगडले. ‘वर’ याही ठिकाणी साक्षीला उभा आहे. राहिलेल्या दोन नोंदी मी उरकतो.

‘गाशा’ हा शब्द फारसीच्या वाटेने आला. घोड्याच्या खोगिरावर घालायचे आच्छादन म्हणजे गाशा. मुक्काम हलवायचा असला की स्वार तो गुंडाळून घेई, म्हणून गाशा गुंडाळला म्हणजे माणूस निघाला. त्याच घोड्यावर आणखी दोन शब्द बसलेले आहेत. ‘खोगीरभरती’ म्हणजे खोगिरात कोंबलेल्या चिंध्या आणि रद्दी सामान. ‘तोबरा भरणे’ हे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीवरून. पागा गेल्या, घोडे गेले, पण कार्यक्रमातली खोगीरभरती अजून चालू आहे.

‘छत्तीसचा आकडा’ लिहिताना मात्र एक काळजी घ्यावी. तो देवनागरी अंकांतच लिहिला पाहिजे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात ते आपल्या लिपीत आणि ६३ लिहिले की तेच दोघे समोरासमोर येतात. मुलांना आधी ३६ काढू द्यावे, मग ६३. आपण काही बोलायच्या आतच ती हसतील.

कृष्णाकाठ (पलूस)

रविवारी फलक लिहायला घेतो. संक्रांतीच्या जागी विश्वासराव आले, रोमन आखाडा गेला आणि सुपारी, पाणी सोडणे, मातीचा हावभाव हे तीन नव्याने आले. ‘ध चा मा’पुढे ‘आख्यायिका’ हा शब्द ठळक लिहिणार आहे.

आजीचा हात कोठे होता, ते मी आईला विचारले. आईने उत्तर दिले नाही. ती उठली, माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलाला लावून बोटे मोडली. चित्र काढणाऱ्या मुलाला उद्या संध्याकाळी घरी बोलावले आहे. आई त्याला तसेच करून दाखवणार आहे.